पंख्याकडून तिसरा

रविवार, ४ मे

बोलणारी मी, लिहिणारी वृषाली. माझी सून. डायरी ह्यांची. कराडचा स्पेअरपार्टवाला दर जानेवारीला फुकट देतो ती. एकोणीस जानेवारीपर्यंत ह्यांचं अक्षर आहे, म्हणतात. पुढं कोरं. कोऱ्या पानांना मी काय करू? म्हटलं, आजची तारीख काढ आणि तिथून लिही.

ह्यांची सवय होती. गॅरेज बंद केलं की हात धुवायचे आणि डायरी घेऊन बसायचे. कुठल्या गाड्या आल्या, काय केलं. शेवटी मला विचारायचे, "तुझं काय आज?" मी सांगेन ते खाली 'सौ.' घालून लिहायचे. आमटी खारट झाली. शेजारची म्हैस व्याली. एक ओळ. बेचाळीस वर्षांत दोन ओळी कधी दिल्या नाहीत. आता अख्खं पान माझं.

वृषाली विचारते, तसंच 'सौ.' घालू का? म्हटलं, ते ह्यांच्याबरोबर गेलं. काही घालू नकोस. दुसरं आहे कोण इथं बोलणारं.

हे जाऊन साडेतीन महिने झाले. रडू आलं नाही. येईल तेव्हा येईल. ती काय इथली बस आहे, किती मिनिटांत येणार ते पाटीवर लागायला?

सकाळी माझा लेक संजू खाली गाडीपाशी गेला. मी आता त्याच्याकडं परदेशात असते, आमच्या खिडकीतून समोरचा कारपार्क दिसतो. बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि हातातला फोन इंजिनाशी नेऊन धरला. फोन कुणाला लावलेला नव्हता. थोडा वेळ धरला, मग खिशात टाकला. इथं उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवू देत नाहीत म्हणे, म्हणून लगेच बंद.

मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

मंगळवार, ६ मे

गाडीचं लिहून ठेव म्हटलं. बारा वर्षांची, डिझेल, तीन लाखांवर किलोमीटर पळालेली. संजूनं घेतली तेव्हाच जुनी होती. बुकित पंजांगच्या ह्या घरून तुआसला जहाजांच्या कारखान्यात रोज हिनंच जातो. इतक्या जुन्या गाडीला इथं दरवर्षी पासिंग. ते २९ तारखेला आहे. आधीच एकदा तपासून घेतली तर काळा धूर, मापाच्या बाहेर. २९ला पास नाही झाली तर सरळ भंगारात. म्हाताऱ्यांना ठेवून घेत नाहीत इथं. मी विचारलं, माझं पासिंग कधी? वृषाली म्हणते हे लिहायला नको. लिही.

नवी घे म्हटलं तर संजू घेईल. पण ही गाडी म्हणजे त्याचा आणि ह्यांचा फोन. आठ वर्षं, दर रविवारी. "बाबा, ऐका," म्हणायचा आणि फोन बॉनेटमध्ये धरायचा. हे डोळे मिटून बसायचे. मग निकाल. फिल्टर बदल. तेल जुनं झालंय. टॅपेटकडं लक्ष ठेव. बापलेकांचं बोलणं एवढंच. जेवलास का, हे खातं माझ्याकडं.

शेवटच्या रविवारी हे म्हणाले, "तिसरा गेलाय. नोझल बदल." दोन दिवसांनी हेच गेले. बापाचं लेकाशी शेवटचं बोलणं ते. चार सिलिंडरांतल्या तिसऱ्याचं डिझेलचं नोझल.

संजू दिवसकार्याला आला, गेला, नोझल राहून गेलं. आता म्हणतो, बाबांनी सांगितलंय तिसरा. तिसराच बदलणार.

गुरुवार, ८ मे

आज वृषालीनं मला पकडलं. चांगीच्या ऑफिसातून आली, चपला काढल्या, स्वयंपाकघरात गेली आणि तिथून पुटपुटल्यासारखं म्हणाली, "आई, दूध उतू जातंय." मी उठून गेले. गॅसवर दूध नव्हतंच. ही हाताची घडी घालून उभी.

"आई, तुम्हाला सगळं ऐकू येतं."

ह्या घरात सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. संजू तर असा ओरडतो की शेजारची चिनी म्हातारी दार उघडून बघते. आई बहिरी, हे दहा वर्षांपासून ठरलेलं आहे.

पकडलंच आहे तर सांगून टाकलं. म्हणाली, हेही लिहू? लिही. संजू ही डायरी हातात घेत नाही. सुरुवातीच्या पानांवर बापाचं अक्षर आहे ना.

बहिरे हे झाले होते. जन्म सगळा ट्रकच्या इंजिनात डोकं घालून. आधी पाखरांचा आवाज गेला, मग माझा (त्याचं दुःख केलं नाही), मग इंजिनाचा. डिझेल मिस्त्रीचा कान गेला की संपलं. हात कुणाचेही चालतात, गिऱ्हाईक येतं ते कानासाठी. यंत्र लावा म्हटलं, तर म्हणाले, कानाला यंत्र लावलेल्या मिस्त्रीकडं ट्रक कोण आणेल?

माझं स्वयंपाकघर गॅरेजला चिकटून, मध्ये एक खिडकी. लग्न होऊन आले तेव्हापासून पोळ्या लाटता लाटता इंजिनं ऐकली. मोहरी तडतडली की तेल किती तापलंय ते कळतं ना, तसंच ते. कुणी शिकवलं नाही. मग आमचं असं सुरू झालं. गाडी आली की मी चहा घेऊन जायची. बशीच्या काठावर माझी जितकी बोटं, तितक्या नंबरचा सिलिंडर गेलेला. सहा नंबर असला तर बशी दोन्ही हातांनी धरायची. ड्रायव्हर लोक म्हणायचे, वहिनी चहा किती अदबीनं देतात.

संजू सुट्टीवर आला की त्यानं मोठ्यानं बोलावं म्हणून बहिरी मी झाले. ओरड रे, मला ऐकू येत नाही. तो ओरडायचा, ह्यांना थोडं कळायचं, उरलेलं मी खुणेनं. रविवारच्या फोनचं तेच. फोन स्पीकरवर. ऐकायची मी, बोटं दाखवायची मी, बोलायचे हे.

संजूला सांगू नकोस, हे वचन घेतलं होतं. "पोरगं माझ्या कानावर विसंबून आहे. तेवढंच माझं त्याच्यापाशी आहे," म्हणाले.

तर तो 'तिसरा' माझा. चुकला तर मी चुकले.

वृषाली लिहायची थांबली. म्हटलं, शाई संपली का?

मंगळवार, १३ मे

काल वेसाकची, म्हणजे बुद्धपौर्णिमेची सुट्टी, गॅरेज बंद. आज संजू सकाळी गाडी सुंगेई काडूतच्या गॅरेजात टाकून बसनं तुआसला गेला. मिस्त्री चिनी म्हातारा आहे. सगळे त्याला अंकल म्हणतात, नाव कुणाला माहीत नाही.

अंकलनं गाडीला यंत्र लावून बघितलं. यंत्र म्हणालं, चारही नोझल चालवून घेण्यासारखी आहेत. संजू म्हणाला, नंबर थ्री बदला. अंकलनं विचारलं, "शुअर आ?" संजू म्हणाला, "माय फादर सेड." मग अंकलनं पुढं विचारलं नाही. मिस्त्री लोकांत बापाचं नाव चालतं.

हे सगळं संजूनं मला लिफ्टपाशी ओरडून सांगितलं. आमच्या मजल्याला आता नोझलची पूर्ण माहिती आहे.

शुक्रवार, १६ मे

नवं नोझल बसून गाडी आली. धूर तसाच, खडखड तशीच. मी खिडकीतूनच ऐकली.

जेवताना संजू वृषालीला हळू आवाजात म्हणाला. मी समोरच होते, पण मी बहिरी ना. म्हणाला, "बाबा चुकले गं. शेवटी त्यांचेही कान गेले असतील. मी उगाच धरून बसलो." मग म्हणाला, २९ची वाट कशाला बघायची, त्याआधीच देऊन टाकतो.

वृषालीनं माझ्याकडं बघितलं. मी भेंडी वाढून घेतली. बरी झाली होती.

नंतर माझ्याकडं वळून ओरडला, "आई, भात घे अजून!" घेतला.

शनिवार, १७ मे

दोडका.

रविवार, १८ मे

रविवार असून संजू खाली गेला नाही. सोफ्यावर बसून मोबाइल बघत होता. बघत म्हणजे हातात होता.

दुपारी पडल्या पडल्या विचार केला. खरंच चुकले का मी? वय माझंही झालंय. ह्यांचा कान जातोय हे मी ओळखलं. माझा जातोय हे कोण ओळखणार? वाईट वाटायला पाहिजे होतं. आत चाचपून बघितलं. काही हाताला लागलं नाही. फ्रिजमध्ये कोथिंबीर शोधावी आणि नसावी, तसं.

नातीला, इराला म्हटलं, दाराआड जा आणि हळू काहीतरी बोल. ती गेली आणि कुजबुजली, "आजी, व्हाय लाह?" इथल्या पोरांचं ते शेपूट 'लाह', तेही ऐकू आलं. तेवढं तरी बरं. इरा मला बहिरी मानतच नाही, पहिल्या दिवसापासून. विचारलं, कसं काय गं? तर म्हणाली, चिप्सचं पाकीट उघडलं की आजी बघते.

सोमवार, १९ मे

वृषालीला म्हटलं, ह्यांचं शेवटचं पान वाच. इतके दिवस तीही तिकडं गेली नव्हती.

वाचलं ते असं. 'रवि. १९ जाने. संजू गाडी. नोझलचे प्लग एकेक काढायला लावून ऐकली. पंख्याकडून ३ रा गेला. नोझल बदलणे सांगितले. (सौ.)' त्याच्या खाली माझी ओळ, 'सौ. – वांगी कडू निघाली.'

वांगी खरंच कडू होती.

वृषाली म्हणाली, "आई, तुमची ओळ खाली आहेच. मग वर कंसात परत सौ. कशाला?" म्हटलं, मला काय विचारतेस, मी वाचली आहे का कधी? ती मागं उलटायला लागली. १८ जाने., 'खडीचा ट्रक. पंप उतरवणे. (सौ.)' १६ जाने., 'ट्रॅक्टर. टॅपेट सैल. (सौ.)' १५ला नुसतं 'टायर बदलला', तिथं कंस नाही. १३ला 'बेअरिंग वाजते. (सौ.)' ११ला 'ग्रीसिंग', कंस नाही. वाचत गेली, वाचत गेली. जानेवारी तो केवढासा.

जिथं कान लागला तिथं मी आहे. टायरला मी नाही. ग्रीसला मी नाही.

दहा वर्षं मी शेजारी बसून 'आमटी खारट झाली' सांगत होते, आणि हा माणूस वर हे लिहीत होता. बोलला नाही. मला वाचता येत नाही ह्याचा असा फायदा घेतला.

म्हटलं, असेल. पाणी प्यायला उठले. दोन पेले प्यायले. वृषाली डोळे पुसत होती. ती माझ्यापेक्षा लवकर रडते, पुण्याची आहे.

मग परत आले आणि म्हटलं, त्यात 'पंख्याकडून' लिहिलंय ना, ते परत वाच. परत वाचलं. फोनवर हे नुसतं 'तिसरा' म्हणाले होते. आमच्याकडं पहिला सिलिंडर म्हणजे पंख्याकडचा, ते कशाला बोलून दाखवायचं. ट्रकचा पंखा पुढं, पट्ट्यावर. तिथून एक, दोन, तीन. पण त्या अंकलनं कुठून मोजलं?

बुधवार, २१ मे

संजूनं भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय. सोमवारी नेणार.

मी म्हटलं, त्याआधी शनिवारी मला तुझ्या गॅरेजात ने.

"काय आहे तिथं, आई!" (ओरडून.)

म्हटलं, तिथलं काढलेलं नोझल पाहिजे. तुझ्या बाबांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवायचंय. आठवण म्हणून.

ह्यावर त्याला नाही म्हणता येईना. आठवण म्हटलं की इथली माणसं काहीही देतात.

शनिवार, २४ मे

गेलो. गॅरेजांची गल्लीच आहे ती. कराडचाच वास, फक्त फरशी पुसलेली.

अंकल माझ्याच वयाचा. मला स्टूल दिलं. कॉफी आली ती प्लास्टिकच्या पिशवीत, दोरीनं लटकवलेली. सलाइनच्या बाटलीसारखी धरून बसले. काढलेलं नोझल त्यानं फडक्यात गुंडाळून डब्यात जपून ठेवलं होतं. म्हातारी माणसं टाकत नाहीत काही. मी खुणेनं म्हटलं, बॉनेट उघड.

संजू म्हणाला, आई, कशाला? मला ऐकू आलं नाही.

इंजिनावरचं काळं झाकण काढायला लावलं. हे इंजिन आडवं बसवलेलं. पंखा भलतीकडंच. पण पट्टा कुठं लपतोय? तो उजवीकडं होता. गाडी चालू करायला लावली. अंकलच्या फळीवरून लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला. पट्ट्याकडून पहिला, बरा. दुसरा, चांगला, ठणठणीत. तिसरा बोदा. चिरलेलं मडकं वाजावं तसा. चौथा बरा.

तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हा."

मग बघितलं तर नवं चकचकीत नोझल शेजारच्या घरात बसलेलं. दुसऱ्यात.

अंकलनं मान हलवली, दुसऱ्या टोकाला गेला आणि गिअरबॉक्सकडून मोजून दाखवलं. वन, टू, थ्री. ह्या गाडीच्या पुस्तकात पहिला नंबर तिकडून धरलाय म्हणे. मी पट्ट्याकडून मोजलं. एक, दोन, तीन. त्याचं बोट आणि माझं बोट शेजारी शेजारी येऊन थांबलं.

अंकल हसला. "सेम सेम. बट नॉट सेम."

जानेवारीत संजूनं प्लग घरच्या सवयीनं पट्ट्याकडून काढले होते, इथं नुसतं 'थ्री' सांगितलं, अंकलनं पुस्तकातला थ्री बदलला. चूक कुणाचीच नाही. आमच्या घराण्यातला तीन वेगळा, एवढंच.

म्हणजे काढलं ते नोझल चांगलंच होतं. मी म्हटलं, मग हेच ठेव की त्या आजाऱ्याच्या जागी. अंकलला मराठी कळलं. तांब्याची वॉशर नवी घातली, नोझल बसवलं, यंत्र लावून इंजिनाला नोझलवरचा नंबर सांगितला. एवढ्यात माझी कॉफी संपली.

चालू केलं. खडखड गेली. कुकर उतरवल्यावर घर शांत होतं तसं झालं.

संजू बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा होता. म्हणाला, "बाबा चुकले नव्हते." माझ्याकडं बघून नाही, इंजिनाकडं बघून.

मी म्हटलं, "काय?"

ह्या वेळी ओरडला नाही.

निघताना अंकल त्याला म्हणाला, "युअर मदर इयर व्हेरी गुड." संजूनं मला अर्थ सांगितला नाही. वृषालीनं आत्ता सांगितला.

काही वाटलं का, विचारते. बोटाला काजळी लागली आहे. साबणानं गेली नाही.

रविवार, २५ मे

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

पण धूर अजून थोडा आहे. आत साठलेली काजळी. हे पासिंगच्या आधी ट्रक माल भरून खंबाटकीचा घाट चढवायचे. इंजिन तापलं, दमलं की काजळी आपोआप फेकतं. इथं घाट कुठून आणायचा? मी म्हटलं, गिअर खालचा ठेव, रेस ठेव आणि लांब ने. मी येते, वजनाला.

तुआसपर्यंत गेलो आणि परत. पुढच्या सीटवर मी. इंजिन घुमत होतं. मागच्या काचेत आधी काळं, मग करडं, मग काही नाही. दोन्ही बाजूंना झाडं एका मापानं कापलेली.

येताना संजू साध्या आवाजात म्हणाला, "आई, तुला ऐकू येतं?"

मी बाहेर बघत होते.

"काल अंकल म्हणाला तुझा कान चांगला आहे."

म्हटलं, ते हाडानं कळतं. कानाचं काही नाही त्यात. स्क्रू ड्रायव्हर हाडाला लावायचा असतो.

मग म्हणाला, "मग बाबांना फोनवरून कसं कळायचं?"

"ते मिस्त्री होते."

दिवसभरात ओरडला नाही एकदाही. जेवताना हळूच म्हणाला, "आई, मीठ दे." मी इकडं तिकडं बघत बसले. मीठ माझ्या हाताशी होतं. दहा वर्षांचं सोंग, आणि मोडायची पाळी आली मिठावर. इरानं उचलून दिलं आणि म्हणाली, "आजी अ‍ॅक्टिंग लाह."

सोमवार, २६ मे

वृषाली म्हणते, सांगून टाका. आता गाडी सुधारली, बाबा बरोबर ठरले, आता काय बिघडतंय?

बिघडतंय ते हेच. आता कुठं बाप परत बरोबर झालाय. त्याला तो आठवडाभर तरी वापरू दे.

"पण ऐकत तुम्ही होतात."

"आणि बोलत कोण होतं? मी बोटं दाखवली. त्या बोटांचं वाक्य करून लेकाला सांगणारे हे होते."

ती म्हणाली, मग मी सांगते. म्हटलं, तू लिहायचं काम कर. सुनेनं वचन मोडलं तर ते सासूच्याच खात्यावर जातं.

ती जानेवारीच्या पानांत खूण म्हणून बसचं कार्ड घालून ठेवत होती. मी बघितलं. काढ म्हटलं नाही.

मंगळवार, २७ मे

बोटाची काजळी निघाली.

बुधवार, २८ मे

आज लिहितोय संजू. वृषालीला ऑफिसात उशीर आहे, असं ती म्हणते. लिहिणं उद्यावर ढकलता आलं असतं. नाही ढकललं. संजूला हाक मारली, डायरी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, आजची तारीख काढ, मी सांगते ते लिही.

तो पुढून उलटत आला. जानेवारी लागला. मी शेंगा सोलत होते, सोलत राहिले. वाडगं अर्धं भरलं तरी पान उलटल्याचा आवाज नाही.

मग म्हणाला, "आई, हे कंसात सौ. काय आहे?" हळूच म्हणाला. पंखा फिरत होता, खाली एलआरटीची छोटी रेल्वे गेली, त्यातूनही ऐकू आलं.

मी लगेच म्हटलं, "मला वाचता येतं का? तूच बघ काय आहे ते."

उत्तर दिलं तेव्हा लक्षात आलं की 'काय?' म्हणायचं राहिलं.

तो बघत बसला. एकोणीसचं पान, अठराचं, सोळाचं. एकदा पुढं, एकदा मागं. टायरपाशी थांबला, ग्रीसपाशी थांबला. मिस्त्रीचा मुलगा आहे, कुठं काय नाही ते आधी बघतो.

वचन दिलं होतं, सांगणार नाही म्हणून. सांगितलेलं नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय, त्याला मी काय करू? हेही लिही म्हटलं. लिहिलं. पेन मध्ये दोनदा थांबलं.

विचारतोय, जुन्या डायऱ्या कुठं आहेत. कराडला, पत्र्याच्या ट्रंकेत, ह्यांच्या हत्यारांखाली. विचारतोय, किती वर्षांच्या. म्हटलं, ते पासिंग झाल्यावर.

विचारतोय, बाबांना किती ऐकू यायचं. मी शेंगा सोलतेय.

उद्या नऊला पासिंग. धुराचं काय होईल ते यंत्र सांगेल. आज जेवायला पिठलं. शेंगांची चटणी.

संजू म्हणतोय, गाडी एकदा खाली जाऊन चालू करतो, तू फोन उचल. म्हटलं, खिडकीतून ऐकू येतं मला. म्हणाला, नाही, फोनवर. बरं म्हटलं. आधी हे पूर्ण कर, मग जा.

झालं लिहून, म्हणतोय. अजून काहीतरी लिहितोय खाली. काय ते मला कळायचं नाही.

सायं. ७. गाडी चालू करून ऐकवणे. (आई)